नकाशात पत्रा होता

आप्पा, दूध संस्थेच्या इमारतीवर तुमचा फ्लेक्स लावलाय. इतका मोठा, की मी काढलेली खिडक्यांची अख्खी रांग त्याच्यामागे गेली. मधोमध तुम्ही, फेटा बांधलेले, तुमच्या सुनीताताईच्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेले. खाली सगळ्या संचालकांचे गोल गोल चेहरे. पाठीमागे निळे ढग. तुम्हाला फार आवडला असता. मला मात्र त्या इमारतीचा समोरून घेतलेला एक साधा फोटो हवा होता. काकूला विचारलं, तासाभरासाठी फ्लेक्स सोडवला आणि परत बांधला तर चालेल का. ती म्हणाली, "तेराव्याच्या आत माणसाचा फोटो उतरवतीस? लोकं काय म्हंतील?" तेरावं झालं. मग म्हणाले, महिना तरी होऊ द्या. माझा नव्या नोकरीचा अर्ज महिनाभर थांबणार नव्हता.

हे लिहिताना मला रडू यायला हवं, पण बहुतेक वेळा राग येतोय. गेलेल्या माणसावर रागावलेलं चालतं की नाही, मला माहीत नाही. कोणाला विचारायची सोय नाही. असलं काही मी तुम्हालाच विचारत असे, आणि तुम्ही "जेवलीस का?" असं उत्तर देत असायचात.

मी ज्याला पोर्टफोलिओ म्हणायचे, त्याला तुम्ही "तुझं पुस्तक" म्हणायचात. आर्किटेक्टला नोकरीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी आपल्या कामाची थोडी पानं जुळवून पाठवावी लागतात. त्यात नकाशे, मॉडेलचे फोटो, चित्रं. सगळेच उत्तरात एक गोष्ट विचारतात, की तुमचं प्रत्यक्ष बांधलेलं काही आहे का. बीडमध्ये कोर्टाजवळच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या बंगल्यांचे मंजुरीचे नकाशे काढते, ते माझे नाहीत. माझं बांधलेलं एकच. तुमची इमारत. आणि तेच मी पुस्तकात घेतलं नव्हतं.

होळीला मी आले होते तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसून लॅपटॉप मांडीवर घेतलात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एकेक पान मी पुढे सरकवत होते.

"हे कुठंय?"

"कुठंच नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट होता."

"आन् हे?"

"तोही कॉलेजचाच."

"लई झ्याक हाय. मग ही झाडाखाली गोरी माणसं कोण बसल्यात?"

मी सांगितलं की चित्रात माणसं दाखवावी लागतात, म्हणजे इमारतीचा आकार कळतो. ती इंटरनेटवर तयार कापलेली मिळतात.

"आपल्याकडची मिळत न्हाईत?"

"मिळतात. कमी मिळतात."

"कावून? आपल्याकडं काय माणसं कमी हायत व्हय?"

आतून काकू हसली. मलाही हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही. मग तुम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलात, परत पहिल्यावर आलात, आणि विचारलंत, "माझी इमारत कुठंय?"

"नाही घेतली."

"कावून?"

"तडे गेलेत, आप्पा. गळते ती."

"मग बुजव की. लग्नाच्या फोटोत काळी नवरी गोरी करतेत. तू एवढी शिकलीस, तुला चार तडे बुजवता यीनात?"

"तो खोटेपणा होईल."

"आन् जे बांधलंच न्हाई ते दाखवायलीस, ते खरं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, अजूनही आहे. न बांधलेल्या कामावर 'न बांधलेलं' असं लिहिलेलं असतं. ते कसा विचार करता येतो हे दाखवण्यासाठी असतं. पण रागात मला मराठी सुचत नाही. मी इंग्रजीत बोलत सुटले. तुम्ही काकूला हाक मारलीत, "ऐक गं, विंग्रजी सुरू झालं. म्हंजी आता पोरगी खरी भांडायलीय." मग चपला घातल्यात. संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली होती. जाताना म्हणालात, "उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या जीपने केजला आणि तिथून एसटीने बीडला गेले. तुम्ही तेव्हा संस्थेत होता.

ते बोलणं तिथंच राहिलं.

तडे का गेले हे आपल्या दोघांनाच पुरतं माहीत होतं. तरी एकदा नीट लिहून काढते, कारण गेल्या आठवड्यात शोकसभेत मी जे ऐकलं त्यानंतर ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष. माळावर चारा छावणी पडली होती. निम्मं गाव दसऱ्याच्या आधीच ऊसतोडीला गेलं होतं. ज्यांची जनावरं छावणीत होती त्यांच्या म्हशी अर्ध्यावर आटल्या होत्या. संस्थेत दूध इतकं कमी यायला लागलं की संघाचा टेम्पो एक दिवसाआड यायचा, आणि रस्त्यावर खाजगी डेअरीवाला रोख देतो म्हणून सभासद तिकडे वळत होते. अशा वर्षी तुम्ही इमारत काढलीत. मी चौथ्या वर्षाला होते. पुण्याहून फोनवर मी म्हटलं, दूधच नाही तर इमारत कशाला? तुम्ही म्हणालात, "दूध हाय तवा कुणीबी बांधंल. मार्चअखेरीस अनुदान परत जाईल, ते एक. आन् लोकांना दिसलं पायजे, संस्था कुठं चालली न्हाई."

मग तुम्ही मला नकाशा काढायला सांगितलंत. इतर कोणी मला एवढंसं कामही दिलं नव्हतं. मी दोन महिने दुसरं काही केलं नाही. दगडाच्या भिंती, कारण दगड माळावर होता. वर, छताखाली बारीक खिडक्यांची रांग, म्हणजे गरम हवा निघून जाईल. आणि पत्र्याचं छत, एकावर एक दोन थर, मधे मोकळी जागा. पाणी जवळजवळ लागणारच नाही असं काम. आमच्या मॅडमनी तो नकाशा वर्गात भिंतीवर लावला.

तुम्ही तो कागद हातात धरून उलटासुलटा केलात. "पत्रा?" म्हणालात.

"दोन थरांचा, आप्पा. आत गार राहतं."

"पत्रा छावणीवर असतो. पाऊस पडला की छावणी उठती, पत्रे उचलून नेतेत. संस्था काय उठणार हाय का? स्लॅब पायजे."

"स्लॅबला पाणी लागतं. ओतल्यावर रोज भिजवावा लागतो, नाहीतर तडे जातात. गावाला प्यायला टँकर येतो. पाणी कुठून आणणार?"

"पाणी माझ्यावर सोड."

सोडलं. टँकरचा एक थेंब स्लॅबवर जाणार नाही असं तुम्ही ग्रामसभेत सांगून बसला होता, आणि शब्दाला तुम्ही पक्के. म्हणून तुम्ही दुधाचे कॅन धुतलेलं पाणी वापरलंत. एरवी ते गटारात जायचं. स्लॅबवर गोणपाटं अंथरली, आणि सकाळ-संध्याकाळ कॅन विसळून झाले की ते पांढरट पाणी त्यावर. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण दूध कमी म्हणजे कॅन कमी, कॅन कमी म्हणजे पाणी कमी. स्लॅबचा अर्धा भाग भिजायचा, अर्धा वाळायचा. मी सुट्टीत आले तर फाट्यावर उतरल्या उतरल्या आंबूस वास आला. गोणपाटांवर मुंग्यांच्या रांगा, आणि गावातली झाडून सगळी मांजरं स्लॅबवर. पारावर लोक म्हणत होते, "आप्पाच्या स्लॅबला साय आली." तुम्हीच तो विनोद मला सांगितलात, पोट धरून हसत. मला हसता आलं नाही. मी वर जाऊन गोणपाट उचललं. खाली केसासारख्या रेषा होत्या.

माझ्या नकाशावर तुम्ही तुमचं तत्त्व ओतलंत, आप्पा. तत्त्व तुमचं राहिलं आणि तडे माझे.

उद्घाटनाला मी मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला होता. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगा, मला नुसत्या इमारतीचा फोटो हवाय, असं मी तुमच्या कानात म्हटलं. तुम्ही मोठ्यांदा म्हणालात, "माणसं नकोत? मग काय मांजरांसाठी बांधलीय?" आणि उलट सगळ्यांना हाका मारून दारासमोर उभं केलंत. संचालक, सभासद, टेम्पोचा ड्रायव्हर, गळ्यात हार, हातात नारळ. माझ्याकडे त्या इमारतीचा तेवढाच फोटो आहे. भिंत कुठेच दिसत नाही. मी तर दिसतच नाही, कारण फोटो मी काढत होते.

असं लिहिलं की वाटतं, तुम्ही मला नुसता त्रास दिलात. तसं नाही. बारावीनंतर बाबांनी माझ्यासाठी बीडमध्येच बी.एस्सी. आणि स्पर्धा परीक्षेचा क्लास ठरवला होता. मला पुण्याला जायचंय हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानांवरची घरं पाहिली होती. बाबांना म्हणालात, "साहेब व्हायला सगळ्याच पोरी निघाल्यात. एक घरं बांधणारी होऊ दे की आपल्यात." बाबा म्हणाले, "तिला विचारलंस का?" तुम्ही म्हणालात, "ती कुठं बोलती? तिच्या वतीनं मीच बोलायलोय."

पुण्याला सोडायला तुम्हीच आलात. एसटीत माझी कागदांची लांब नळी तुम्ही मांडीवर आडवी धरून बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटात खुपत. कंडक्टरने विचारलं, "काका, काय हाय त्यात? बंदूक?" तुम्ही म्हणालात, "पोरीची अक्कल हाय. हाफ तिकीट लागंल का?" सगळी बस हसली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा लाज वाटली होती. आभार मानायचे राहिले, ते आत्ता मानते.

आता शोकसभा.

इमारतीसमोरच मांडव घातला होता, फ्लेक्सखाली. व्हाइस चेअरमन नारायणअण्णा पहिल्यांदा उठले. तुमच्याबद्दल चांगलं बोलले, खरं तेच बोलले. मग हात मागे करून इमारत दाखवली आणि म्हणाले, "इंजिनेर न लावता, नकाशा न काढता, निव्वळ अनुभवावर आप्पांनी ही वास्तू उभी केली." नंतरच्या तिघांनी तेच वाक्य थोडं थोडं वाढवून म्हटलं. शेवटच्याने तर तुम्ही जमिनीवर काठीने रेघा मारून पाया आखलात असं सांगितलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर पाहायला लागले.

तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ते कळलं तेव्हा मी हार घातलेल्या तुमच्या फोटोकडे बघत होते, आणि मला उठून जावंसं वाटलं.

मला संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी हव्या होत्या, की या इमारतीचं डिझाइन मी केलं. अर्जाला तसं पत्र जोडावं लागतं. गळणारी असली तरी बांधलेली तीच एक, आणि तुमच्यानंतर ती वगळून अर्ज पाठवायला माझा हात होईना. सभा संपून चहा सुरू झाला तेव्हा मी नारायणअण्णांजवळ जाऊन हळू आवाजात ते सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही. परत सांगितलं. मग सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"तुझं डिझाइन?" अण्णा म्हणाले. रागाने नाही, कोड्यात पडल्यासारखे. "बाई, आप्पा चेअरमन होते. ठरावात आप्पांचंच नाव हाय."

बाजूला संचालक शेषेराव बशीतून चहा पीत होते. तुमचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. ते म्हणाले, "असू दे की तिचं. मग गळतीबी तिचीच. दोन पावसाळे झाले, फॅट मशीनवर ताडपत्री टाकून दूध मोजायलाव आमी."

दोन-चार जण हसले. आप्पा, मी तिथे उभी होते आणि मला दोनच रस्ते दिसत होते. इमारत माझी म्हणावी तर गळका स्लॅब माझ्या नावावर. स्लॅब माझा नाही म्हणावं तर तेरावं होऊन एक दिवस झालेल्या माणसावर, त्याच्याच फोटोखाली, दोष टाकायचा. नेहमीसारखं गप्प बसावं, तर पुस्तकात ते पान नाही आणि माझ्याकडे बांधलेलं काहीच नाही.

मी म्हटलं, "नकाशा माझा होता. नकाशात पत्रा होता. स्लॅब आप्पांनी घातला."

बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता काकू रडेल. काकू बायकांमधून उठून पुढे आली आणि म्हणाली, "खरं हाय ते. पोरगी पत्रा म्हणायची, हे स्लॅब म्हणायचे. फोनवर भांडायचे, समोर भांडायचे. माझ्या भाकरी करपल्यात ह्यांच्या पत्र्यापायी."

"मग आप्पा आमाला बोलले कावून न्हाईत?" अण्णांनी तिला विचारलं.

काकूला माहीत नव्हतं. मलाही नाही. तेव्हापासून मी हाच विचार करतेय. कॉलेजातल्या पोरीचा नकाशा म्हटला असता तर संचालकांनी तो उघडूनही पाहिला नसता, म्हणून असेल. साय आली म्हणून गाव हसलं ते तुमच्यावर हसलं, माझ्यावर नाही, म्हणूनही असेल. किंवा साधी गोष्ट असेल, की इमारत आपली आहे असं म्हणवून घेणं तुम्हाला आवडायचं. मला वाचवत होता की माझं श्रेय घेऊन बसला होता? मला वाटतं, दोन्ही. एका माणसात दोन्ही कसं मावतं हे तुम्ही असता तर मी भांडून काढून घेतलं असतं.

पत्र मिळालं. सही नारायणअण्णांची. दोन ओळी मागितल्या होत्या, त्यांनी एक लिहिली, पण त्यात माझं नाव आहे. समोरून फोटो मिळणारच नव्हता, म्हणून मी शिडी लावून स्लॅबवर गेले. तिथे फ्लेक्स पोचत नाही. सगळे तडे दुपारच्या उन्हात स्वच्छ दिसत होते, आणि गोणपाटांच्या विणीचे ठसे, आणि पांढरे डाग. मी सगळ्याचे फोटो काढले. एकही बुजवला नाही. पुस्तकात ते पान आता आहे. एका बाजूला माझा पत्र्याचा नकाशा, दुसऱ्या बाजूला तुमचा स्लॅब, आणि मधे, दुष्काळात पाणी कुठून आलं आणि का पुरलं नाही, ते चार वाक्यांत. ती चार वाक्यं इंग्रजीत लिहायला मला बाकीच्या सगळ्या पानांपेक्षा जास्त वेळ लागला. काल पाठवलं. घेतील की नाही, माहीत नाही.

आणि एक सांगायचं आहे. मी शिडीवरून उतरले तर खाली शेषेराव उभे होते. म्हणाले, "वरनं पत्रा टाकला तर गळायचं थांबंल का?" मी हो म्हटलं. आपल्याकडे गळक्या स्लॅबवर सगळेच शेवटी पत्रा टाकतात. त्यांनी संचालकांची बैठक बोलावली, मला बसायला खुर्ची दिली. स्लॅब आणि पत्र्याच्या मधे हवा खेळायला जागा ठेवावी लागते. मी तीन फूट म्हटलं. खरं तर दोन फूटही चालले असते. तुम्ही दीड म्हणाला असता, मग मी अडीच म्हणाले असते, संध्याकाळचं दूध येईपर्यंत ते चाललं असतं.

सगळे लगेच हो म्हणाले. एकानेही विचारलं नाही, तीनच का.